पाण्याच्या खुणा

हिमवृष्टीची वादळे ज्या देशांत होतात तेथे माणसाच्या कसोटीचा काळ हिवाळ्यात येतो. पंचगंगा आणि वारणा या दोन नद्यांच्या आधाराने वसलेल्या हातकणंगले तालुक्यात तो आषाढ-श्रावणात येतो, आणि त्याचे उरलेसुरले हिशेब कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत चालू राहतात. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने गेल्या पन्नास वर्षांतील मंदिरे, पाठशाळा, वसतिगृहे, पंचकल्याणक महोत्सव यांचा इतिहास यथोचित नोंदविला जाईलच. परंतु याच काळात येथील समाजाला घरातून उठवून रस्त्यावर आणणारे जर काही असेल तर ते पाणी होय, आणि त्या पाण्याचा इतिहास बहुतांशी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीच राहिला आहे.

कोल्हापूर संस्थानच्या काळात हा भाग आळते पेटा म्हणून ओळखला जाई. उत्तरेच्या सीमेवर वारणा, दक्षिण भागातून वाहणारी पंचगंगा आणि या दोहोंच्या मध्ये आळते, रामलिंग, बाहुबली या बाजूची डोंगररांग अशी या तालुक्याची ठेवण आहे. हातकणंगले हे गाव दोन्ही नद्यांपासून दूर, उंचावर आहे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि हातकणंगले हे इचलकरंजीच्या मालाचे स्थानक बनले. गावात नदीचे पाणी येत नाही. यामुळे पुराचा आणि आपला संबंध नाही असे येथील एखाद्याने म्हटले तर भूगोलाच्या दृष्टीने ते खरे ठरेल. पण नातेसंबंधांचा भूगोल निराळा असतो. रुई, इंगळी, पट्टणकोडोली, रुकडी, चंदूर ही पंचगंगेच्या बाजूची, खोची, निलेवाडी, घुणकी ही वारणेच्या बाजूची आणि पलीकडच्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड, अकिवाट, खिद्रापूर, राजापूर ही गावे. या गावांतून सुना आल्या आहेत आणि या गावांत लेकी दिल्या आहेत. शेती एका गावात, दुकान दुसऱ्या गावात आणि कुलदैवत तिसऱ्या गावात अशी कितीतरी घराण्यांची स्थिती आहे. त्यामुळे नदीकाठी पाणी चढू लागले की उंचावरच्या घरातील दूरध्वनी प्रथम वाजतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या तालुक्यात पाऊस फारसा पडत नाही. गगनबावड्यास जेवढा पडतो त्याच्या चौथाईसुद्धा हातकणंगल्यास पडत नाही. येथला पूर हा दुसऱ्याच्या अंगणातील पावसाचा पूर आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा पुढे निघते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. कोल्हापूरच्या पुढे तिचा उतार अगदी मंद होतो आणि ती वळणे घेत रेंगाळते. याच वेळी कोयनेचे पाणी घेऊन आलेली कृष्णा सांगलीजवळ हरिपूरला वारणेस पोटात घेऊन तुडुंब भरलेली असते. पुढे वाट नसल्याने पंचगंगेचे पाणी मागे सरकते. गावकरी याला फूग म्हणतात. डोंगरातल्या नदीचा लोंढा येतो आणि काही तासांत निघून जातो. फुगेचे पाणी हळूहळू चढते, आवाज न करता उंबऱ्यात येते आणि मग आठ-आठ दिवस हलत नाही. या पुरात माणसे वाहून जाण्यापेक्षा घरे भिजून बसतात, भिंती विरघळतात आणि उभे पीक कुजते. सायंकाळी अंगणाच्या कडेला असलेले पाणी पहाटे चुलीपाशी आलेले दिसते. इतका वेळ मिळूनही माणसे का निघत नाहीत, हा प्रश्न दूरच्या माणसास पडतो. त्याचे उत्तर पुढे येईल.

जुन्या पिढीला पुराचे भय नव्हते असे नाही, परंतु पूर म्हणजे केवळ संकट अशी तिची समजूत नव्हती. पूर येऊन गेला की मळीच्या रानात गाळ बसे आणि त्या गाळावर पुढचे पीक खताशिवाय येई. नृसिंहवाडीला दत्त मंदिरात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडले की तो दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या स्नानासाठी लोक मुद्दाम जातात. जैन परंपरेत आषाढ शुद्ध चतुर्दशीस मुनिसंघ वर्षायोगाची स्थापना करून एका स्थानी राहतात, कारण या काळात भूमी जीवजंतूंनी भरलेली असते आणि चालण्याने हिंसा घडते. पावसाळ्यात माणसाने आपला वावर आवरता घ्यावा हा विचार या भूमीत शेतकऱ्यालाही नवा नव्हता. जुनी गावठाणे पाहिली तर घरांची दगडी जोती कमरेएवढी उंच आढळतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा घालतात. पाण्याला वाट द्यायची आणि नंतर त्याला अडवायचे, हे शहाणपण त्या साध्या रचनेत आहे.

आणखी एक रीत होती. पूर जेथवर चढला तेथे भिंतीवर खूण करीत. कोणी कोळशाने रेघ ओढी, कोणी खिळा ठोकी. पुढच्या वर्षी धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे किंवा जोंधळ्याची कणगी कितव्या फळीवर ठेवायची हे त्या खुणेवरून ठरे. ही खूण हीच त्या घराची जलमापन नोंद होती. तिने अनेकदा माल वाचविला. मात्र याच खुणेने पुढे एकदा दगाही दिला.

१९८९ च्या पुरानंतर करवीर तालुक्यातील चिखली आणि आंबेवाडी या गावांतील लोकांना सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आल्या. काही घरे तेथे गेली, पुष्कळशी मूळ गावीच राहिली. यानंतर पुढील पंधरा-सोळा वर्षांत पुराची आठवण पुसट होत गेली. याच काळात नदीकाठी विटांची आणि सिमेंटची घरे झाली. ती मातीच्या घरांप्रमाणे विरघळणार नाहीत या विश्वासाने त्यांची जोती मात्र जुन्या घरांपेक्षा खाली आली. माणूस साधने सुधारली की खबरदारी कमी करतो, याचे हे एक उदाहरण.

२००५ च्या जुलै अखेरीस मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातही पाणी चढत होते. शिरोळ तालुक्यातील अनेक गावे वेढली गेली. कर्नाटकातील आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद तेव्हापासून जो सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांत नव्या खुणा झाल्या. जुन्याजाणत्यांनी सांगितले की याहून वर पाणी कधी गेले नाही, आणि हे वाक्य पुढे चौदा वर्षे प्रमाण मानले गेले. या चौदा वर्षांत दुकानांच्या फळ्या, गोदामांचे ओटे, यंत्रमागाच्या शेडचे पाये हे सारे २००५ च्या रेघेवर बेतले गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती रेघ बुडाली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धरणे भरत आली होती, वरचा पाऊस थांबत नव्हता आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडत होते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक जवळपास आठवडाभर ठप्प झाली आणि मालमोटारींच्या मैलोगणती रांगा लागल्या. रेल्वे मिरजेच्या पुढे येईना. अंकलीच्या बाजूनेही रस्ता बंद झाला. तीन नद्यांच्या मध्ये सापडलेला हा सारा पट्टा बेटासारखा झाला. दूध संकलन थांबले, पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले आणि सभोवार पाणी असताना पिण्याचे पाणी मिळेना. नौदल, लष्कर व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोटी घेऊन आल्या. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी बोट उलटून अनेक माणसे बुडाली, ती बातमी आल्यावर बोटीत बसण्यासही लोक धजेनात.

माणसे वेळीच का निघाली नाहीत याचे पहिले कारण ती भिंतीवरची खूण होय. पाणी २००५ च्या रेघेपर्यंत येईल आणि थांबेल, असे मानून लोकांनी सामान माळ्यावर चढविले आणि स्वतःही वर जाऊन बसले. दुसरे कारण गोठा होय. दावणीला चार म्हशी असलेला शेतकरी त्या सोडून एकटा बोटीत बसत नाही. बोटीत म्हैस बसत नाही. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या घरांची स्थिती तर अधिकच बिकट होती. दावे कापून जनावरे पाण्यात सोडली तर ती पोहून माळाला लागतील की नाही, आणि न सोडली तर जागीच बुडतील, असा निर्णय काही मिनिटांत करावा लागला. ज्यांनी तो केला त्यांपैकी अनेकजण त्याविषयी आजही बोलत नाहीत.

उंचावरच्या गावांनी या वेळी जे केले त्याची नोंद होणे आवश्यक आहे. शाळा, मंगल कार्यालये, वसतिगृहे, मंदिरांची सभागृहे यांतून निवारे उघडले गेले. पंचकल्याणक पूजेच्या निमित्ताने हजारो माणसांच्या भोजनाची सवय असलेल्या गावांना एक वेगळाच लाभ झाला. मोठी पातेली, झारे, ताटे, शेगड्या ट्रस्टच्या खोलीत तयार होत्या आणि कोणत्या आचाऱ्याला बोलवायचे, कोणी वाढायचे, कोणी पाणी गाळायचे हे लोकांना ठाऊक होते. उत्सवाची भांडी आपत्तीत उपयोगी आली. ज्यांना सूर्यास्तानंतर भोजन वर्ज्य होते त्यांच्यासाठी दुपारनंतर लगेच दुसरी पंगत बसे, आणि त्याच स्वयंपाकघरातून इतर सर्व समाजाच्या लोकांना रात्रीचे जेवणही जाई. कोण कोणत्या जातीचा हे त्या पंगतीत कोणी विचारले नाही. मात्र जनावरांसाठी चारा मिळविणे माणसांच्या अन्नापेक्षा कठीण ठरले, कारण चाऱ्याची राने पाण्याखाली होती.

आता व्यापाराची बाजू. इचलकरंजी ही यंत्रमागाची नगरी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि घोरपडे जहागीरदारांच्या आश्रयाने तो उद्योग वाढला. नदीकडच्या सखल वस्त्यांतील शेडमध्ये पाणी शिरले तेव्हा माग हलविणे शक्य नव्हते. मोटर आणि स्टार्टर उतरवून घेणे एवढेच हाती होते, आणि ज्यांना रात्री वेळ मिळाला नाही त्यांचे तेही राहून गेले. बीमवरच्या सुताला खळ दिलेली असते. ते सूत भिजले की खळ सडते, बुरशी धरते आणि ताणा तुटू लागतो. असे बीम उतरवून फेकण्याखेरीज गत्यंतर नसते. ग्रे कापडाच्या भिजलेल्या ताग्याला गाळाचा डाग बसला की धुलाईनेही तो पुरता जात नाही. ऑगस्ट हा कापड दुकानदाराच्या दृष्टीने माल भरण्याचा महिना असतो, कारण पुढे गणपती आणि दिवाळी असते. गांधीनगरच्या घाऊक पेठेतून उचललेला माल उधारीवर घेतलेला असतो. माल भिजला तरी उधारी कोरडीच राहते.

शासनाने पूरग्रस्त कुटुंबास ग्रामीण भागात १०,००० रुपये आणि शहरी भागात १५,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले. लहान व्यापाऱ्यांना नुकसानीच्या ७५ टक्के अथवा ५०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम जाहीर झाली. मदत मिळाली हे खरे, पण सणासुदीचा माल भरलेल्या छोट्याशा दुकानाचे नुकसानही त्याच्या कितीतरी पट असते. विम्याच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना उशिरा समजली. आगीच्या विम्यात वादळ आणि पूर यांची जोखीम वगळून हप्ता थोडा कमी करून घेता येत असे. नदी दूर आहे, तेव्हा पुराचा हप्ता कशाला, असा हिशेब करून ज्यांनी काही शे रुपये वाचविले त्यांचा दावा बसला नाही. स्टॉक रजिस्टर भिजले तेथे नुकसान सिद्ध करणे हीच वेगळी अडचण झाली.

पुरानंतर तीन आठवड्यांत दशलक्षण पर्व आले. अनेक गावांतून ते साधेपणाने पार पडले. उसाचे शेंडे गाळाने भरून कुजले होते आणि ज्यांचे शेंडे तग धरून होते त्यांना पांगशा फुटल्या होत्या. शेतकऱ्यांनी सोयाबीन, भुईमूग गेले म्हणून रब्बीची तयारी धरली. तोच दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रात लागोपाठ दोन चक्रीवादळे उठली. क्यार आणि महा ही त्यांची नावे. ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकली नाहीत, परंतु ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा त्यांच्या प्रभावाने अवकाळी पाऊस पडत राहिला. जे पीक महापुरातून वाचले ते काढणीच्या वेळी भिजले, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. राष्ट्रपती राजवटीच्या त्या दिवसांत राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये आणि बागायती फळपिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. महावीर निर्वाणाच्या दिवशी वहीपूजन करताना त्या वर्षी कित्येक दुकानदारांनी जुन्या वहीत बुडीत खात्याची पाने वाढलेली पाहिली. थंडी सुरू झाल्यावर येणारी ही वादळे पुराइतकी गाजत नाहीत. वास्तविक दुबळ्या झालेल्या शेतकऱ्याला दुसरा तडाखा तीच देतात. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात थंडी व पाऊस एकत्र आल्याने मेंढ्या गारठून मेल्या, तेव्हा पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला येणाऱ्या धनगर समाजातही त्याची हळहळ झाली.

दोन वर्षांनी, २३ जुलै २०२१ रोजी आषाढ शुद्ध चतुर्दशी होती. वर्षायोग स्थापनेच्या त्याच दिवशी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ची पातळीही मागे टाकत ५६ फुटांपलीकडे मजल मारली. करोनाच्या दुसऱ्या लाटेने माणसे आधीच खचलेली होती आणि निवाऱ्यात गर्दी करण्याचेही भय होते. परंतु या वेळी एक फरक पडला. पाणी २०१९ पेक्षा वर गेले, तरी लोक आधी निघाले. जनावरे दोन दिवस अगोदरच माळावर नेली गेली, दुकानदारांनी माल वरच्या गावी नातेवाइकांच्या घरी हलविला. पाणीही लवकर ओसरले. घुणकी, निलेवाडी बाजूस वारणेने पुन्हा वेढा दिला खरा, पण घरात अडकलेल्यांची संख्या मागील वेळेपेक्षा कमी राहिली.

यानंतरचा काळ वादाचा आहे. कृष्णा जलतंटा लवादाने २०१० साली आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास अनुमती दिली, त्यास या भागाचा विरोध आहे. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ च्या पुराचा दोष आलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे यांवर तिचा भर होता. नदीकाठच्या माणसास हा निष्कर्ष सहज पटत नाही, कारण फूग त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. महामार्गांचे भराव हा दुसरा प्रश्न. उंच भराव घातल्याने पाणी अडते, म्हणून तेथे कमानीचे पूल करावेत अशी मागणी आहे. पाटबंधारे खाते २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल अशा रेषा आखते. या रेषांच्या आत घरे होत राहिली याचा दोष कोणा एका खात्यावर ढकलता येणार नाही. प्लॉट विकणारेही आपल्यातीलच होते आणि घेणारेही.

पुनर्वसनाचे घोडे मात्र अडलेलेच आहे. २०१९ ला चिखली-आंबेवाडी पुन्हा बुडाली तेव्हा सोनतळीच्या जागांची सर्वांना आठवण झाली. उंचावर जागा मिळूनही माणूस का जात नाही याला केवळ हट्ट म्हणता येत नाही. मळीची काळी जमीन नदीकाठी असते, म्हशीला पाणी नदीवर असते आणि ज्या मंदिरात तीन पिढ्यांनी अभिषेक केला ते मंदिर जुन्या गावठाणात असते. खिद्रापूरचे शिल्पसमृद्ध कोपेश्वर मंदिर आणि तेथील प्राचीन जैन मंदिर पिढ्यानपिढ्या पाणी सोसत उभे आहे, तसे आपणही राहू, असे वाटणे स्वाभाविक आहे. दगडाचे मंदिर आठ दिवस पाण्यात उभे राहू शकते, घरातली आजारी म्हातारी राहू शकत नाही.

२०२४ च्या जुलैतही पंचगंगेने धोका पातळी ओलांडली. नदीकाठच्या घरांत आता एकाच भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन रेघा आढळतात. देणगीदारांची नावे रुपया-आण्यापर्यंत जपणाऱ्या आपल्या वह्यांत या रेघांची नोंद नाही, किती दिवस पाणी होते आणि कोणाकडे किती माणसे राहिली याचीही नाही. अनेक घरांत दिवाळीच्या रंगकामात सर्वांत खालची, २००५ ची, रेघ पुसली गेली आहे. काही ठिकाणी मात्र रंगाऱ्याला सांगून तेवढी वीतभर जागा कोरी ठेवलेली आहे आणि तीत तारीख लिहिलेली आहे.